विमान आणि अवकाश क्षेत्राकडे निघालेल्यांसाठी प्रवेश मार्गदर्शन: जळगावच्या एका केंद्राचा आढावा

जळगावच्या रिंग रोड परिसरातील एका अभियांत्रिकी प्रवेश मार्गदर्शन केंद्राची सेवा आम्ही यंदा घेतली, आणि तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. या केंद्रात पालक दोन कामांसाठी जातात. एक म्हणजे कॅप राउंडचा (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांचा) ऑप्शन फॉर्म, म्हणजे महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, नीट भरून घेणे, आणि दुसरे म्हणजे कोणती शाखा घ्यावी याचा सल्ला घेणे. पहिले काम येथे फार चांगले होते. दुसऱ्या कामाचा दर्जा मात्र समोर कोण बसले आहे यावर अवलंबून राहतो, आणि ज्या मुलामुलींना विमान किंवा अवकाश क्षेत्रात जायचे आहे त्यांच्या बाबतीत हा फरक चार वर्षांची दिशा बदलू शकतो. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण जे लिहीत आहे ते आपल्याकडच्या बहुतेक केंद्रांना कमीअधिक प्रमाणात लागू पडेल.

माझी भाची चोपडा तालुक्यातली. वडिलांची केळीची शेती आहे, कुटुंब इतर मागास प्रवर्गातील आहे आणि वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. एमएचटी-सीईटीत तिला उत्तम पर्सेंटाइल मिळाले. जेईई मेनमधून ती ॲडव्हान्स्डसाठी पात्रही ठरली, परंतु आयआयटीत प्रवेश मिळेल अशी रँक आली नाही. तिला रॉकेटच्या इंजिनावर काम करायचे आहे, आणि ही हौस चार दिवसांची नाही हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

आधी चांगल्या कामाविषयी. कॅपची प्रक्रिया दरवर्षी थोडीफार बदलते आणि तिच्यातील बारकावे पालकांना वर्तमानपत्रातून पुरेसे कळत नाहीत. २०२५ च्या प्रक्रियेत पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणतेही महाविद्यालय मिळाले, तर ती जागा आपोआप गोठवली जाते आणि पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होतो, असा नियम होता. त्यामुळे ‘मिळाले तर बघू’ म्हणून वरच्या क्रमांकावर टाकलेले एखादे नाव गळ्यात पडू शकते. केंद्रातील फॉर्म भरणाऱ्या मुलाने हे आम्हाला दोनदा समजावून सांगितले आणि यादीतील प्रत्येक नावापुढे ‘हे मिळाले तर खरंच जाणार का?’ असे विचारून होकार आला तरच ते नाव ठेवले. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या विद्यार्थ्यांसाठी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ हे गृह विद्यापीठ ठरते, आणि म्हणून पुण्याच्या एखाद्या खासगी महाविद्यालयाचा कट-ऑफ पाहताना पुण्याच्या मुलांचा आकडा न पाहता बाहेरच्या विद्यापीठाच्या जागांचा आकडा पाहावा लागतो, हेही त्याने आधीच्या वर्षांचे तक्ते उघडून दाखवले. एवढ्या कामासाठी घेतलेले शुल्क मला पूर्णपणे वाजवी वाटते.

शाखेच्या सल्ल्याची पहिली बैठक केंद्राच्या प्रमुखांबरोबर झाली, आणि ती समाधानकारक नव्हती. ‘एरोस्पेस’ हा शब्द ऐकताच त्यांनी एका खासगी विद्यापीठाचे गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रक पुढे सरकवले. मुखपृष्ठावर उड्डाण करणारे रॉकेट होते. नावातच एरोस्पेस असल्यामुळे इस्रोचा रस्ता सरळ होतो, असे त्यांनी सांगितले. मुलीला नेमके कोणते काम आवडते, गणित आवडते की हाताने जोडणी करणे, संशोधनाकडे कल आहे की कारखान्याकडे, यांपैकी एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. त्या विद्यापीठाकडून केंद्राला प्रवेशामागे मोबदला मिळतो का, असे मी स्पष्ट विचारले तेव्हा त्यांनी ते मान्य केले. मोबदला घेणे हा गुन्हा नाही, पण सल्ल्याचे शुल्क भरणाऱ्या पालकाला ही गोष्ट विचारल्याशिवाय कळू नये, हे मला अजिबात पटत नाही.

त्या बैठकीत जे सांगायला हवे होते आणि सांगितले गेले नाही, ते येथे लिहितो. एरोस्पेस इंजिनिअरिंगची पदवी घ्यायची तर ती प्रथम मुंबई, कानपूर, खरगपूर किंवा मद्रास आयआयटीत मिळते का ते पाहावे. तिरुअनंतपुरमजवळ वलियमला येथे केंद्र सरकारच्या अवकाश विभागाची आयआयएसटी ही अवकाश विज्ञान व तंत्रज्ञान शिकवणारी संस्था २००७ पासून चालते. तेथे एरोस्पेस आणि एव्हिऑनिक्स (विमान-यानांतील इलेक्ट्रॉनिक्स) अशा दोन्ही वाटा आहेत, आणि इस्रोचे द्रव-इंधन इंजिनांवर काम करणारे केंद्रही वलियमलालाच आहे. आयआयएसटीचा प्रवेश जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणांवर होतो, पण जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या सामाईक प्रवेशाच्या, अर्जातून होत नाही. त्यासाठी संस्थेकडे वेगळी नोंदणी करावी लागते. आपल्या भागातील कितीतरी मुलांना ही गोष्ट मुदत संपल्यावर कळते. केंद्रातील भिंतीवर सीईटी, जेईई आणि नीटच्या तारखांचा मोठा फलक आहे. त्यावर आयआयएसटीच्या नोंदणीची एक ओळ वाढवली तर चोपडा-यावल-रावेरकडच्या एखाद्या हुशार मुलाचे वर्ष वाचेल. तशी लेखी सूचना मी केंद्राला दिली आहे.

दुसरी न सांगितलेली बाब पैशाची होती. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून इतर मागास प्रवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. ही सवलत कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला मिळते. व्यवस्थापन कोट्यातील जागा, अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठे तिच्यात येत नाहीत. म्हणजे ज्या रंगीत पत्रकाची आमच्यापुढे शिफारस झाली, तेथे भाचीला दरवर्षी पूर्ण शुल्क भरावे लागले असते, आणि सीईटीच्या गुणांवर मिळणाऱ्या सरकारी महाविद्यालयात शिक्षण शुल्क शून्य होते. केळीचे भाव कसे वरखाली होतात हे जाणणाऱ्या घरासाठी हा फरक किती मोठा आहे हे वेगळे सांगायला नको. मुलीच्या पालकांशी बोलताना मार्गदर्शकाने ही गोष्ट सर्वांत आधी सांगायला हवी.

केंद्राने छापलेल्या तक्त्यातही एक गंभीर दोष आहे. ‘एरोनॉटिकल’ या रकान्याखाली पदवी अभ्यासक्रमांच्या जोडीला विमान देखभालीचे म्हणजे एएमईचे अभ्यासक्रम एकत्र छापले आहेत. एएमई ही वाट सन्मानाची आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेत शिकून, त्यांच्या परीक्षा आणि प्रत्यक्ष अनुभवाच्या अटी पूर्ण करून परवाना मिळतो, आणि उड्डाणापूर्वी विमान योग्य स्थितीत असल्याची सही करण्याचा अधिकार त्या परवान्याने येतो. बी-१ गटात यांत्रिक भाग आणि इंजिने येतात, बी-२ गटात विद्युत व इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. पण परवाना म्हणजे अभियांत्रिकीची पदवी नव्हे. केवळ परवान्याच्या बळावर गेट ही अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देता येत नाही आणि इस्रोच्या अभियंता भरतीसाठीही तो चालत नाही. ज्याला विमानाची देखभाल करायची आहे त्याने एएमईकडे जरूर जावे; ज्याला इंजिनाचा आराखडा करायचा आहे त्याला दोन्ही एकच असल्याचे सांगणे त्याचे नुकसान करणारे आहे. गोंदूरच्या धावपट्टीवर शिकाऊ विमाने पाहत वाढलेल्या धुळ्याच्या मुलांमध्ये वैमानिक, देखभाल तंत्रज्ञ आणि अभियंता या तीन वाटांचा गोंधळ मी शिक्षक म्हणून अनेकदा पाहिला आहे, त्यामुळे या तक्त्याचा मला अधिक त्रास झाला.

आता ज्या कारणासाठी मी या केंद्राची तरीही शिफारस करणार आहे, त्याकडे येतो. दुसरी बैठक तेथील एका तरुण मार्गदर्शिकेबरोबर झाली. त्या स्वतः यांत्रिकी अभियंता आहेत आणि नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काही काळ काम करून आल्या आहेत. त्यांनी पहिलाच प्रश्न मुलीला विचारला: ‘बेटा, रॉकेट उडतं तेव्हा तुझं लक्ष नेमकं कुठे जातं?’ भाची म्हणाली, ‘खाली, मॅडम. जिथून आग बाहेर पडते तिथे. इतक्या उष्णतेत ते नळकांडं वितळत कसं नाही, हेच मला कळत नाही.’ मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी संगणकावरून दोन अभ्यासक्रम छापून काढले, एक एरोस्पेसचा आणि एक यांत्रिकीचा, आणि ते शेजारी शेजारी ठेवून पेन्सिलने समान विषयांवर खुणा करायला सुरुवात केली. उष्मागतिकी, द्रवयांत्रिकी, पदार्थांचे बलविज्ञान, उष्णता संक्रमण, कंपने, नियंत्रण प्रणाली, संख्यात्मक पद्धती. पहिल्या दोन वर्षांचा कागद जवळजवळ सगळा खुणांनी भरला. मग त्यांनी न जुळणारे विषय बाजूला लिहिले: एरोस्पेसकडे वायुगतिकी, उड्डाणयांत्रिकी, पातळ भिंतींच्या रचना, प्रणोदन (यानाला पुढे ढकलण्याचे शास्त्र) आणि कक्षांचे गणित, यांत्रिकीकडे यंत्ररचना, उत्पादन प्रक्रिया, मापनशास्त्र आणि औद्योगिक व्यवस्थापन.

त्यानंतर भाचीच्या प्रश्नाचेच उत्तर त्यांनी अभ्यासक्रमातून काढून दाखवले. द्रव-इंधन इंजिनात अनेकदा इंधनच ज्वलनकक्षाच्या भिंतीतील बारीक मार्गांतून आधी फिरवतात, त्यामुळे भिंत थंड राहते आणि इंधन तापून आत जाते. हे समजायला उष्णता संक्रमण लागते. ते इंधन प्रचंड दाबाने ढकलणारा टर्बोपंप रचायला द्रवयांत्रिकी आणि कंपनांचा अभ्यास लागतो. भिंतीसाठी कोणता मिश्रधातू घ्यायचा हे धातुशास्त्राचे काम, आणि घन इंधनाचे मिश्रण करणे हे रसायन अभियंत्याचे. ‘तुला जे आवडतं ते चार शाखांत वाटलेलं आहे,’ असे त्या म्हणाल्या, आणि माझ्या मते संपूर्ण प्रवेश हंगामात ऐकलेले ते सर्वांत मोलाचे वाक्य होते. रसायन अभियांत्रिकीची पदवी तर जळगावच्या आपल्या विद्यापीठाच्या आवारातच घेता येते, आणि ती या क्षेत्राला किती जवळची आहे याची कल्पना आपल्याकडच्या फार थोड्या पालकांना असते.

इस्रोच्या भरतीविषयी त्यांनी जाहिराती उघडून दाखवल्या. केंद्रीय भरती मंडळाकडून ‘सायंटिस्ट/इंजिनिअर एससी’ या पदासाठी निघणाऱ्या जाहिरातींत प्रामुख्याने यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक या शाखा असतात, आणि किमान पात्रता ६५ टक्के किंवा दहापैकी ६.८४ सीजीपीए अशी असते. एरोस्पेस पदवीधरांसाठीच्या जागा त्या मानाने कमी आणि अनियमित निघतात. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेत गेटच्या गुणांवर होणाऱ्या वैज्ञानिक भरतीतही मोठा वाटा याच मूळ शाखांचा असतो. पहिल्या बैठकीतील ‘नावात एरोस्पेस म्हणजे इस्रोचा सरळ रस्ता’ या विधानाला हे थेट छेद देणारे होते, आणि एकाच छताखाली अशी दोन परस्परविरोधी मते मिळणे हा केंद्राच्या कारभारातील दोष आहे.

नोकरी कुठे मिळते याचेही त्यांनी वास्तव चित्र मांडले. आपल्याला सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे नाशिकजवळच्या ओझरचा एचएएलचा (हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा) विमान कारखाना. १९६४ पासून तेथे मिग विमानांचे आणि पुढे सुखोई-३० एमकेआयचे काम झाले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथेच तेजस मार्क-१ए च्या नव्या उत्पादन साखळीचे उद्घाटन झाले. मात्र ओझरला विमानाचा सांगाडा आणि जोडणी होते, सुखोईची इंजिने ओडिशातील कोरापूटला बनतात, त्यामुळे इंजिनाची ओढ असलेल्याने ‘घराजवळ’ हा निकष लावू नये. रॉकेटच्या कामात महाराष्ट्राचा वाटा कमी नाही: इस्रोच्या रॉकेटांचे विकास इंजिन गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात घडते, आणि घन इंधनाच्या मोटरांची आवरणे वालचंदनगरला बनत आली आहेत. खासगी कंपन्यांपैकी हैदराबादच्या स्कायरूटने १८ नोव्हेंबर २०२२ रोजी विक्रम-एस हे रॉकेट सोडले, आणि चेन्नईच्या अग्निकुलने ३० मे २०२४ रोजी त्रिमितीय छपाईने एकसंध घडवलेल्या इंजिनावर अग्निबाण हे रॉकेट उडवले. अशा ठिकाणी पदवीवरील शाखेच्या नावापेक्षा आराखड्याचे सॉफ्टवेअर, प्रवाहाचे संगणकीय विश्लेषण आणि प्रत्यक्ष काहीतरी बनवल्याचा अनुभव पाहिला जातो, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते मला पटते. परदेशाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी अमेरिकेतील निर्यात नियंत्रणाच्या नियमांचा उल्लेख केला, ज्यांच्यामुळे तेथील बहुतेक रॉकेट कंपन्या स्वतःचे नागरिक आणि कायमस्वरूपी रहिवासी यांनाच कामावर घेतात. शिक्षणासाठी लाखोंचे कर्ज काढण्याआधी प्रत्येक पालकाने हे ऐकलेच पाहिजे.

माझे स्वतःचे मत येथे स्पष्ट सांगतो. आयआयटी किंवा आयआयएसटीत एरोस्पेस मिळत असेल तर ती जागा सोडू नये, कारण तेथील प्रयोगशाळा, पवनबोगदे (वाऱ्याच्या झोतात नमुने तपासण्याची यंत्रणा) आणि प्राध्यापक त्या नावाला अर्थ देतात. ते मिळत नसेल तर ज्या महाविद्यालयात पवनबोगदा केवळ माहितीपत्रकाच्या छायाचित्रात आहे, तेथे महागडे एरोस्पेस घेण्यापेक्षा चांगल्या सरकारी महाविद्यालयात यांत्रिकी किंवा इलेक्ट्रॉनिक्स घ्यावे आणि विशेष अभ्यास पुढे ढकलावा. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या नियामक परिषदेच्या नियमांनुसार मूळ शाखेबरोबर १८ ते २० अधिक श्रेयांक पूर्ण करून दुसऱ्या विषयाची मायनर (जोड) पदवी घेता येते. एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे प्रणोदन आणि वायुगतिकीचे वर्ग मोफत आहेत. प्रवाहाच्या विश्लेषणासाठी ओपनफोमसारखे मोफत सॉफ्टवेअर घरच्या संगणकावरही शिकता येते. चौथ्या वर्षी गेट देऊन एमटेकला एरोस्पेस घेणाऱ्यांत यांत्रिकीचे विद्यार्थी भरपूर असतात, आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा १९४२ पासून चालत आलेला एरोस्पेस विभाग तर पदव्युत्तर टप्प्यावरच आपले दार उघडतो. यांत्रिकीचे पायाभूत विषय पक्के असलेल्या मुलीला या वाटेने काहीही गमवावे लागत नाही. उलट मध्येच आवड बदलली तर तिच्या हातात सर्वत्र चालणारी पदवी असते. अठराव्या वर्षी घेतलेला निर्णय बदलण्याची मुभा राहणे मी शिक्षक म्हणून फार महत्त्वाचे मानतो.

भाचीने सरकारी महाविद्यालयात यांत्रिकी घेतले. ऑप्शन फॉर्ममधील क्रम मॅडम आणि फॉर्म भरणारा मुलगा यांनी मिळून लावला, आणि दुसऱ्या फेरीत तिला हवी ती जागा मिळाली. प्रवेशानंतरही मॅडमनी फोनवर शंका सोडवल्या, पहिल्या सत्राच्या सुट्टीत कोणता एनपीटीईएल वर्ग करावा तेही सांगितले, आणि त्यासाठी वेगळे पैसे मागितले नाहीत.

केंद्रात जाणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या काही गोष्टी. फॉर्म भरण्याचे आणि शाखा-सल्ल्याचे शुल्क वेगवेगळे आहे, दोन्ही एकदम घ्यावेत असा आग्रह होतो, पण नुसते फॉर्मचे काम दिले तरी ते नाकारत नाहीत. शाखेचा सल्ला हवा असेल तर वेळ ठरवतानाच तांत्रिक पार्श्वभूमी असलेल्या मार्गदर्शकाची मागणी करावी, आणि ज्या संस्थेची शिफारस होईल तिच्याशी केंद्राचा आर्थिक संबंध आहे का हे पहिल्या पाच मिनिटांत विचारावे. निकालानंतरच्या पंधरवड्यात तेथे पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे चोपडा, रावेर, शिरपूर किंवा शहाद्याकडून येणाऱ्यांनी मे महिन्यातच एक बैठक उरकून घ्यावी. जातीचे, जात वैधतेचे, नॉन-क्रिमीलेयरचे, उत्पन्नाचे आणि अधिवासाचे प्रमाणपत्र तयार ठेवूनच जावे. नॉन-क्रिमीलेयरची मुदत तपासून पाहावी, कारण मुदत संपलेल्या प्रमाणपत्रावर आरक्षित जागा मिळत नाही आणि शुल्कमाफीचा अर्जही अडकतो. तहसील कार्यालयात जून महिन्यात त्यासाठी लागणाऱ्या रांगा पाहता, हे काम बारावीची परीक्षा संपताच हाती घेतलेले बरे.